डोंगरावरचं अस्वल

प्रिय ताई,

डोंगरावर अस्वल नव्हतं. मी होतो. आईने तुला फोनवर सांगितलं ना, धुक्यातून अस्वल आलं, गुरगुरलं आणि बाबा जागचे हललेसुद्धा नाहीत, ते अस्वल म्हणजे संत्र्याएवढा एक स्पीकर होता आणि तो मी लाकडांच्या ढिगात लपवला होता. करायला नको होतं. केलं. तू म्हणशील यात नवीन काय, हा लहानपणापासून असाच. तेवढंच असतं तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे, शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस आणि वर मला ते वाचून दाखवायला लावायचीस. पण आपल्या घरात फोन म्हणजे जाहीर कार्यक्रम. बाबा फोन घेतात तो स्पीकरवरच, आवाज पार वरपर्यंत. समोरचा खोकला तरी जिन्यातल्या माणसाला कळतं. म्हणून हे पत्र. परवा तू मला जे काय ऐकवलंस त्यावरही येतो, पण शेवटी. आधी अस्वल.

तू आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून बुकिंग करून दिलंस ती जागा चांगली होती, उगाच वाईट कशाला बोलू. तंबू म्हणजे नुसतं नाव. आत पलंग, गालिचा, आरसा, कपडे टांगायला वार्निश लावलेली एक फांदी. आईने आत पाय टाकला आणि म्हणाली, घरी पलंग, इथे पलंग, मग एवढे डोंगर चढून आलो कशाला. मावशी म्हणाली, अगं ह्याला ग्लॅम्पिंग म्हणतात. आई म्हणाली, म्हणू देत, पण झाडू कुठे असतो ते विचार. मावशीचे मिस्टर, म्हणजे आपले माहितीखातं काका, बाहेर उभे राहून समोरच्या प्रत्येक शिखराचं नाव सांगत होते. दोन शिखरांना एकच नाव दिलं तेव्हा मी बोट दाखवलं, तर म्हणाले, जुळी आहेत. बाबांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. कॅम्पच्या सायकली एका बाजूला लावल्या होत्या, त्यातल्या एकीचं मागचं चाक वाकडं फिरत होतं. बाबांनी ती सायकल उलटी केली, पाना मागवून घेतला आणि बसले. आई म्हणाली, ह्या माणसाला स्वर्गात नेलं तरी हा तिथे दाराच्या बिजागऱ्या बघेल.

चारच्या सुमाराला धुकं उतरलं. इतकं, की समोरचं एकही शिखर दिसेना. कॅम्पवर एक ताई होत्या, गळ्यात कायम शिट्टी, सगळ्यांना शिस्तीत ठेवायच्या. त्या सांगून गेल्या होत्या की खायचे पदार्थ बाहेर ठेवू नका, वास लागला की जनावर येतं. एवढं सांगितल्यावर माणसाने गप्प कसं बसायचं. माझ्या मोबाईलमध्ये अस्वलाचा आवाज आधीपासून होता, खास त्यासाठी काही केलं नाही. बरं, केलं. निघायच्या आदल्या दिवशी उतरवून घेतला होता. आई, मावशी आणि काका लाकडी ओट्यावर चहा पीत होते. त्यांच्या मागे सरपण रचलेलं, त्यात माझा स्पीकर. आणि सरपणाला पाठ लावून, अगदी टेकल्यासारखे, बाबा आपल्या सायकलच्या चाकाशी. मी शेजारच्या तंबूच्या आडोशाला राहून बटण दाबलं.

ताई, आवाज मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा खूपच बरा निघाला. माझ्याच अंगावर काटा आला. आईच्या हातातला कप गेला. मावशी तंबूत शिरली, आई मावशीवर पडली, आणि काका, जे पाचच मिनिटांपूर्वी सांगत होते की अस्वलासमोर माणसाने ताठ उभं राहायचं, ते त्या दोघींना ओलांडून आत गेले आणि आतून चेन लावली. बाबा बाहेर आहेत हे कुणाच्या ध्यानातही नाही. मी तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. आवाज अजून वाढवला. पुन्हा गुरगुर, आता लाकडं थरथरावीत इतकी. आणि बाबा चाक फिरवून बघत होते. एका बोटाने. चाक थांबलं की आरा आवळायचे, परत बोट. मग मान वर न करता म्हणाले, चहा झाला असेल तर मलाही द्या जरा.

पहिल्यांदा मला वाटलं, पकडला गेलो. त्यांनी ओळखलं हे माझंच काम आहे, म्हणून हलले नाहीत, आता उठतील आणि माझ्याकडे एक नजर टाकतील. ती नजर तुला माहीत आहे. मी स्पीकर बंद केला, वाट बघत बसलो. उठलेच नाहीत. थोड्या वेळाने तंबूची चेन एवढीशी उघडली आणि त्यातून आईने हाक मारली, अहो, आत या, अस्वल आहे. बाबा तसेच. मग तिने बाहेर येऊन त्यांचा खांदा हलवला तेव्हा ते दचकले. अस्वलाला नाही दचकले, आईला दचकले. आई बोलत होती आणि ते तिच्या ओठांकडे बघत होते, आपण लांबची पाटी वाचताना बघतो ना, तसं. कुठे, म्हणाले. इथे, तुमच्या मागे, केवढ्यांदा ओरडलं, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही. बाबांनी सरपणाकडे पाहिलं, मग भोवती जमलेल्या आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. आणि म्हणाले, येतात जनावरं, जातात, आपण आपलं काम करावं. झालं. काकांनी त्यांचा हात हातात घेतला. मावशी म्हणाली, माणूस नाही, कातळ आहे. रात्रीच्या जेवणाला शिट्टीवाल्या ताईंनी त्यांना सूप आधी वाढलं. मी चमच्याने सूप ढवळत बसलो. एरवी अशा वेळी मी टेबलाखालून अजून काहीतरी करतो. केलं नाही.

दुसऱ्या दिवशी झिपलाईन होती. एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर तार, मधे दरी, आपण पट्ट्यांमध्ये अडकून सुटायचं. आई म्हणाली मी चपला सांभाळते. काकांनी तारेला किती वजन पेलतं ते समजावून सांगितलं आणि त्यांची पाठ अचानक दुखायला लागली. बाबांना मात्र आता मागे फिरायची सोय नव्हती, अस्वलाला न घाबरलेला माणूस तारेला कसा घाबरणार. शिट्टीवाल्या ताई पलीकडे जायच्या आधी सगळ्यांना सांगत होत्या, पलीकडून माझी शिट्टी ऐकली की हातमोजा घातलेला हात मागे तारेवर दाबायचा, म्हणजे वेग उतरतो, नाही दाबला तर समोरच्या झाडावर जाल. बाबा मान हलवत होते. हल्ली ते सगळ्यालाच मान हलवतात.

मी आधी गेलो. पलीकडे पोचलो, पट्टे सोडवून वळलो तर बाबा निघाले होते. दरीच्या मधोमध आल्यावर शिट्टी वाजली. बाबांचे दोन्ही हात पुढे, आरामात. परत शिट्टी. शिट्टीवाल्या ताई बाबांना ओरडल्या, अहो काका, ब्रेक. मागच्या झाडावर गादी बांधलेली होती, पण त्या वेगाने गादीचं काय चाललं असतं. मी काही ठरवलं नव्हतं. गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर घेताना मी समोर उभा राहून हाताने दाखवतो ना, सावकाश, सावकाश, बस, ते माझ्या हातांना आपसूक येतं. मी फळीच्या टोकाला जाऊन तसेच हात केले. बाबांनी माझे हात पाहिले आणि लगेच तार दाबली. फळीवर हळूच टेकले, रोज हेच करतात असे. हातमोजे काढले, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, तुझी आई चपला घेऊन इकडे येणार की आपणच परत जायचं.

मग परतीच्या गाडीत मला एकेक गोष्ट आठवायला लागली. स्क्रूड्रायव्हर तर तुला आठवत असेलच. लहानपणी आपण दोघं गॅरेजच्या दुकानात जायचो तेव्हा बाबा चालू इंजिनवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग आतलं काय वाजतंय ते सांगायचे, टॅपेट, किंवा बेअरिंग, की माणूस थक्क. कितीतरी जण लांबून नुसतं ते ऐकवायला गाडी घेऊन येतात. गेल्या वर्षापासून ते मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात, आणि मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात देऊन विचारतात, तुला काय वाटतं. मी सांगतो. ते म्हणतात, बरोबर. मला वाटलं मी तयार झालो. कॉलर ताठ करून फिरत होतो, चहावाल्याला सांगितलं, बाबा आता माझी परीक्षा घेतात आणि मी पास होतो. एकदा तर मस्करी म्हणून मुद्दाम चुकीचं सांगितलं. बेअरिंग वाजत होतं, लहान पोरालाही कळलं असतं. मी म्हटलं टायमिंग चेन. बाबा म्हणाले, बरोबर. आणि त्यांनी चेनची बाजू उघडली. गिऱ्हाईक बाकावर बसलेलं, बाबा जमिनीवर, एकेक नट काढून कापडावर मांडताहेत. सगळं उघडलं, चेन चांगली निघाली. ती परत लावली, मग दुसरी बाजू उघडली. मला वाटलं मला धडा शिकवायला मुद्दाम उघडून दाखवली. तीच आठवण आता आली की मी काहीतरी दुसरं करायला घेतो.

बाकी सगळं ठीक आहे. आईच्या त्या फुटलेल्या कपाचा कान कॅम्पवाल्यांनी तिला आठवण म्हणून दिला, तो तिने काचेच्या कपाटात ठेवलाय. अस्वलाची गोष्ट सगळ्या बिल्डिंगला सांगून झाली. काकांना तर आता अस्वल दिसलंही होतं, तपकिरी, छातीवर पांढरा पट्टा. इस्त्रीवाला बाबांना वाकून नमस्कार करतो, पंक्चरवाला त्यांना पैलवान म्हणतो. आणि ताई, बाबांना ते आवडतं. मान्य करणार नाहीत, पण आई गोष्ट सांगायला लागली की वर्तमानपत्र खाली ठेवतात आणि तिच्या तोंडाकडे बघत बसतात. दुकानात आम्ही काही बोललेलो नाही. गिऱ्हाईक असलं की मी त्याच्याकडे पाठ करतो आणि बाबांना हाताने दाखवतो, एक बोट टॅपेट, दोन बोटं बेअरिंग, मूठ म्हणजे चेन. ते डोळे मिटतात, उघडतात, माझा हात बघतात आणि गिऱ्हाइकाला रुबाबात सांगतात. हे कधी ठरलं ते विचारू नकोस, ठरलंच नाही, झालं. परवा फक्त एवढंच म्हणाले, हल्ली समोर उभा राहून बोलायला लागलास, सुधारलास तू.

तर आता तुझ्या फोनचं. तू एवढी खटपट करून तुझ्याकडच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये माझं नाव घातलंस, आणि मी म्हटलं, मला सकाळी लवकर उठायला जमणार नाही. तू म्हणालीस, आळशी आहेस, तुझं काही होणार नाही, मी परत शब्द टाकणार नाही. सगळं स्पीकरवर चाललं होतं, बाबा समोर बसलेले, म्हणून मी हो हो करत राहिलो. मी येणार आहे ताई. पण आत्ता नाही. आत्ता मी आलो तर स्क्रूड्रायव्हर ते कुणाच्या हातात देणार. तू सुट्टीला आलीस की दोन दिवस नुसतं बघ, आणि मग तुझं तूच ओळखल्यासारखं करून त्यांना कानाच्या डॉक्टरकडे ने. मी बोललो तर मस्करी वाटेल, आई बोलली तर भांडण होईल. तुझं ते मानतात. त्यांना कानाचं मशीन लागलं आणि त्यांनी माझं एखादं बेअरिंग चुकीचं ठरवलं, की त्याच दिवशी मी बॅग भरतो, तोवर तो वर्कशॉपवाला थांबला तर ठीक, नाही थांबला तर नाही. पण अस्वलाचं मात्र कधीच नाही. अस्वल खोटं होतं म्हटलं की लगेच कुणीतरी विचारेल, मग एवढ्या मोठ्या आवाजाला बाबा हलले कसे नाहीत. आयुष्यात एवढं भारी काम मी पहिल्यांदा केलं आणि ते माझं आहे हे सांगायची सोय नाही, बघ कसा अडकलोय. स्पीकर विकून टाकला, आवाज मोबाईलमधून काढून टाकला. आता फक्त तुला माहीत आहे. हात जोडतो ताई, पाया पडतो, आईला नको, मावशीला नको, काकांना तर त्यांचं अस्वल सुखाने लाभू दे, आणि बाबांना तर, तुला माझी शपथ, कधीच नको. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक आणि कुणालाही, अगदी कुणालाही, सांगू नकोस.

तुझंच,
अस्वल