उलट्या मीटरचा दुसरा भाग

सोलापूर
ता. ९ फेब्रुवारी २०२५

बंदेनवाज,

जय भीम, सलाम. हितं सगळं बरं हाय. तुझ्या शालनवहिनीची साखर वाढलीया, पर ती गोड सोडत न्हाय. अकलूजला लेकीकडं, झीनतकडं तुझं बरं चाललं असंल. फोन तू उचलत न्हाईस म्हणून लिहितोय. सातवीपतूरचं अक्षर हाय, सावकाश वाच.

आपला प्रदीप शूटिंगवाला गेला, ते कळलं असंल. त्याची पोरगी संघप्रिया आपले तिन्ही पिच्चर मोबाईलवर टाकणार हाय, सगळ्या जगाला दिसतील असे. मी म्हटलं, लग्नाच्या कॅमेऱ्यावर काढलेल्यात काय बघायचंय. पर तिनं पहिला भाग लावला अन् मी हसलोच की. रिक्षाचं मीटर उलटं फिरतंय तसा काळ बी मागं जातोय, मी ड्रायवर, अन् पोरगा जाऊन पोचतोय आपल्याच बापाच्या लग्नात. बाप तू. कापड कारखान्यात लूमवर खरंच पाय अधू झालेला माणूस, तसाच लंगडत मांडवात येतोस, अन् कुणी हसत न्हाय. नवरदेवच दिसतोस.

मग ती नावांची यादी कराय लागली, कुणी कुणाचं काम केलं. दुसऱ्या भागाला येऊन आडली.

त्या भागाच्या शूटिंगला तुला कारखान्यातनं सुट्टी मिळाली न्हवती. प्रदीप थांबंना. तुझ्यासारखा कोट, टोपी मला घातली, मिशी चिकटवली, लांबनं अन् पाठीमागनं शूटिंग केलं. लोकांना कळू नये म्हणून नाव तुझंच ठेवलं. पाय वढून चाल, असं प्रदीपनंच सांगितलं हुतं.

समाजमंदिरात पडदा लावला. मी लंगडत लंगडत गटारीत पडतो, तितं लोकं लोळून हसली. तू झीनतला कडेवर घेऊन उठलास. मला वाटलं पोरगी झोपंला आली.

परवा संघप्रियानं तुझ्या फोटोसाठी झीनतला फोन लावला. मी शेजारीच हुतो. झीनत म्हणाली, "दुसरा भाग नका टाकू. अब्बा नवी पेठेत बाजाराला गेले की पोरं मागनं पाय ओढत चालायची. म्हणायची, चाचा, पडून दाखवा की."

बावीस वरसं. अन् पडद्यावरचा त्यो मी हुतो, जालिंदर, असं तू कुणाला एकदा बी सांगितलं न्हाईस. म्हणून सोलापूर सोडलंस व्हय? मी आपला सांगत फिरलो, लेकीच्या नोकरीपायी गेला म्हणून.

प्रदीपनं पाय वढाय सांगितलं, असं वर लिहिलंय ते खरं न्हाय. खोडत न्हाय, राहू दे. त्यानं काय सांगितलं न्हवतं. पहिल्यांदा मी तुझ्यासारखाच चाललो. त्याला पसंत पडलं, कॅमेरा बंद करत हुता. मीच म्हटलं, अजून एकदा घे. बाजूला चार माणसं उभी हुती, ती हसावीत म्हणून पाय जास्तच वढला. हसली. प्रदीप म्हणाला, बंदेनवाजला वाईट वाटंल रे. मी म्हटलं, त्याला काय हुतंय, त्यो आपलाच हाय.

दुसऱ्या भागातलं तुझं नाव काढाय लावलंय, माझं घातलंय. संघप्रिया म्हणती, काका, लोकं त्यो गटारीचाच सीन मागत्यात. मागू देत. तू सांगशील तरच त्यो भाग मोबाईलवर जाईल. तू गप बसलास तर मी न्हाय असंच धरीन. माझ्या भिडंखातर व्हय म्हणू नगंस, तसं लई झालं.

तुझ्या नावावर लंगडलेला,
जालिंदर