पडल्या माणसाचं माप

२ मे १९८३, सोमवार. लातूर

महानंदाने निघताना ही वही हातात दिली आणि बजावलं, की रोज लिहायचं, मी आले की वाचणार. तर बाईसाहेब, वाचा! तुमचा नवरा सोलापूरहून सुखरूप पोचला. एसटीत उभं राहून पायांचे खांब झाले, पण मन खूश आहे.

लातूरला जिल्हा होऊन अजून वर्षही झालेलं नाही, त्यामुळे इथे सगळ्यांची मान जरा ताठ आहे. चहावाल्यानेसुद्धा कप आपटत मला सांगितलं, की आता आमचा जिल्हा हाय, किल्लारीपास्न अहमदपूरपर्यंत सगळे इथंच येणार. नळाला मात्र पाणी नाही. टँकर आला की रस्ता अडतो आणि घागरी भांडतात. चहाचा कप त्याने माझ्यासमोर फडक्याने नुसता पुसला.

मालक गुरुबसप्पा, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. मोंढ्यात आडत, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज हळू. त्यांच्या आडतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी आहे. जुनी ऑस्टिन, काळी, गोल डोळ्यांची, हैदराबादच्या कुणा जहागीरदाराकडून आलेली. बसवजयंतीच्या मिरवणुकीत तिच्यात बसवेश्वरांची तसबीर ठेवायची आहे. सीटा मस्त आहेत, रंग नवा आहे, फक्त आत धड कार्पेट नाही. ते मी बसवायचं. काम पसंत पडलं तर आडतीशेजारचा गाळा मला. 'सिद्धलिंग कुशनवाला' अशी पाटी मी मनात लावूनसुद्धा टाकली. मग तुला आणि उमीला अहमदपूरहून, तुझ्या माहेराहून, इकडेच आणतो. सोलापूरच्या त्या एका खोलीत आता परत जायचं नाही.

४ मे, बुधवार

शेडमध्ये खाजाभाई असतात. म्हातारे, पूर्वी ही गाडी तेच चालवत. आता नुसते बाजेवर बसून गाडीकडे बघतात. मी त्यांना विचारलं, तुम्ही गाडीत कधी बसणार, तर म्हणाले, की लई बसलो बाबा, आता न्हाई.

आमच्या धंद्यात जुनं कार्पेट कधी फेकत नाहीत. तेच नव्यावर पसरायचं, खडूने कड मारायची आणि कापायचं. गाडीचे सगळे कोपरे, गियरचा उंचवटा, सीटच्या नटांची भोकं, सगळं त्यात आयतं असतं. पुढचं जुनं कार्पेट होतं. मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, नुसता पत्रा. अप्पांना विचारलं. म्हणाले, फाटलं होतं, फेकलं.

मग मागचं माप कशावरून घ्यायचं? मी पत्र्यावर वर्तमानपत्रं अंथरली आणि कागद कोपऱ्यांत दाबून बसावेत म्हणून स्वतःच त्यावर कुशीवर पडलो. गुडघे पोटाशी घेतले, पाठ सीटला टेकवली आणि पडल्या पडल्या माझ्या भोवतीने खडू फिरवला. अगदी माझ्याच बेताची जागा! घामाने कागदावर माझा आकारही उमटला.

खाजाभाई धडपडत आले आणि ओरडले, "उठ! पडल्या माणसाचं माप एकाच कपड्याला घेत्यात, आन् त्यो कपडा मालकाला दिसत न्हाई!" मला हसू आलं. मी म्हटलं, खाजाभाई, हा कपडा अप्पांचा, कफन नव्हे. ते हसले नाहीत. तो कागद फाडून टाक म्हणाले. इतकं नेमकं माप मी कशाला फाडू?

६ मे, शुक्रवार

मरून रंगाचं कार्पेट कापलं. कडेला काळ्या कातड्याचा गोट स्वतः शिवला, तुझ्या आवडीचा दुहेरी टाका. खाली तागाचा नमदा, म्हणजे जाड अस्तर, चिकटवला. त्यावर कार्पेट, आणि कडेला पितळी टिचबटणं. सोलापुरात मी नेहमी चार लावतो, इथे हौसेने दुप्पट लावली. टक टक बसत गेली. मागचा तुकडा असा बसला की कुठे सुरकुती नाही. पाय ठेवून बघितला, मऊ लागला.

अप्पा येऊन दारातूनच बघून गेले. छान म्हणाले, पण आत पाय ठेवला नाही. म्हटलं, बसून तरी बघा की! तर म्हणाले, मिरवणुकीच्या दिवशी.

खाजाभाई संध्याकाळपर्यंत बाज बाहेर ओढून शेडकडे पाठ करून बसले. म्हातारपणी माणूस चिडका होतो, दुसरं काय.

८ मे, रविवार

सकाळी दार उघडलं तर मागची सगळी बटणं सुटलेली. कार्पेट चिंब. दाबलं तर पाणी वर आलं, थंड, गोड्या पाण्याच्या वासाचं. या गावात माणसाला प्यायला घागर मिळेना, आणि गाडीच्या फरशीला झरा! गाडीत रेडिएटर पुढे आहे, मागे पाण्याची नळी नाही. खालून पत्रा बघितला, कोरडा ठणठणीत.

सुकवून पुन्हा बसवलं. बटणाखाली एकेक स्क्रूही मारला. माझं काम असं सुटलं तर गाळा गेलाच.

९ मे, सोमवार

आज ते फुगलं.

दुपारी जेवून आलो तर मागचं कार्पेट मधोमध उचललेलं, लांबट. हवा धरली असेल म्हणून हाताने दाबलं. आत कडक होतं. मग मऊ झालं. मग माझ्या हाताखाली ते श्वास घेतल्यासारखं खाली गेलं आणि वर आलं.

मला राग आला. हे मला लिहायलाच हवं महानंदा, मला भीती नाही वाटली, राग आला. माझ्या कामाला हे काय करून ठेवतंय? मी कातडं टोचायची आरी घेतली आणि खुपसली. आतून कोमट पाणी उडालं, तोंडावर, डोळ्यांत. पुन्हा खुपसली. मग पायाने तुडवलं, टाचेने, जोर लावून. आणि मला बरं वाटत होतं! खाजाभाईंनी मागून कंबर धरून मला ओढलं तेव्हा थांबलो. आरीला लाल लागलं होतं. माझा हात तपासला, कुठे कापलेला नव्हता.

१० मे, मंगळवार

अप्पांना सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. त्यांनी दोन हमाल बोलावले, मागच्या सीटवर बसवले आणि पाय खाली ठेवायला सांगितलं. फुगवटा बसला. मला म्हणाले, बघ, पाय ठेवले की गप्प हाय. तू फक्त घट्ट बसव.

ते गेल्यावर खाजाभाईंनी सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळात अप्पांनी शिरूर अनंतपाळकडून एक पाणाडी आणला होता. चंद्रप्पा नाव. हातात नारळ घेऊन शेतात फिरे आणि नारळ उभा राहील तिथे पाणी सांगे. त्याने दाखवलं तिथे विहीर खणली, खडक लागला, थेंब नाही. अप्पांचं सगळ्या गावात हसं झालं. मग त्याला घरून उचलला, याच गाडीत मागच्या सीटपुढे कुशीवर पाडला आणि अप्पा नि त्यांची माणसं त्याच्यावर पाय ठेवून बसली. खाजाभाई गाडी चालवत होते. तो पाणी पाणी करत होता आणि हे लोक टाचा मारत म्हणत होते, तूच काढ की पाणी. लातूर येईपर्यंत आवाज थांबला. त्याला मागच्या सीटपुढच्याच कार्पेटात गुंडाळला आणि त्याच कोरड्या विहिरीत टाकून विहीर बुजवली.

खाजाभाई रडले. म्हणाले, "आरशात समदं बघून राहिलो व्हतो मी. गाडी थांबिवली न्हाई." मग डोळे पुसून मला म्हणाले, की पत्रा उघडा होता तवर त्याला धरायला काही नव्हतं. तू त्याला अंग शिवून दिलंस. तुझ्या मापाचं.

१२ मे, गुरुवार

खाजाभाई गेले.

भर दुपारी. मी स्क्रू आणायला गंजगोलाईच्या बाजारात गेलो होतो. त्यांनी आजच ते कार्पेट उपटून जाळायचं ठरवलं होतं, मला कानात सांगितलंही होतं. परत आलो तर गाडीची दारं बंद. काचेतून फक्त एक पाय दिसला, वर, तळवा छताला टेकलेला.

मागच्या सीटपुढे घडी घातल्यासारखे कोंबलेले होते. पाठ मोडलेली. तोंडातून रक्त नाही, पाणी येत होतं. सदरा वर झालेला आणि उघड्या पाठीवर चपलांचे ठसे, एकावर एक, काळेनिळे. शेडमध्ये कोणीही नव्हतं. कार्पेट त्यांच्याखाली सरळ, सुरकुती नाही, सगळी बटणं लागलेली.

ते त्या मापात बसत नव्हते. माझ्यापेक्षा उंच होते. त्यांना बसवलं.

अप्पांनी लोकांना जॅक सरकला असं सांगितलं. दिवस मावळायच्या आत दफन झालं.

१३ मे, शुक्रवार

मी अप्पांना म्हटलं, गाळा नको, काही नको, मी चाललो. ते शांतपणे म्हणाले, की उद्या गाडी अहमदपूरला जाणार, तुझ्या बायकोला नि पोरीला आणायला. निरोप गेलाय, ती खूश आहे म्हणे. तसबीर ठेवायच्या आधी मागं कोणीतरी बसून बघायला पाहिजे की.

मी आरी उचलली. त्यांच्या गळ्याच्या रोखाने धावलो, खरंच धावलो. हमालांनी मधेच धरलं. पोत्याच्या आकड्याच्या दांड्याने मारलं, पाठीत, बरगडीत. एक दात गेला. खाली पडलो तेव्हा दोघांनी पाय ठेवले. अप्पांनीही ठेवला, चप्पल काढून, सावकाश.

त्यांचा पाय मला ओळखीचा वाटला, आधीही पाठीवर पडल्यासारखा. कसा?

शेडला बाहेरून कुलूप. ओरडून घसा बसला. मोंढ्याच्या गलक्यात कोण ऐकतं.

उमी गाडीत कधी बसलेली नाही. ती नाचेल.

१४ मे, शनिवार

उजाडलं. ड्रायव्हर यायच्या आत ते उपटायचं. आरी नेली त्यांनी, पण कापायचा सुरा पोत्याखाली आहे. मी शिवलंय, मीच उसवीन.

—

गोट उसवला. दुहेरी टाका, फार घट्ट, माझंच काम. हात आत गेला. आतून धरला.

बोटं दोन मोडली. बटण माझ्या नखातून आरपार लागलं. ओढतंय —

—

आत आहे. कुशीवर. गुडघे पोटाशी. टक टक करत सगळी बटणं लागली, एकेक, मी मोजली नाहीत पण मी लावली होती तेवढीच. उसवलेला गोटही मिटला. अगदी माझ्या बेताचं. कागद होता तसंच. वही छातीखाली, पेन्सिल चालते. अंधार लाल आहे.

माझ्याजवळ कोणीतरी आहे. तोंड माझ्या मानेशी. पाणी मागतोय. मीही.

—

ड्रायव्हर आला. मागे डोकावला. छान बसवलंय म्हणाला कोणाला तरी. गाडी सुरू. ओरडतो, आवाज निघत नाही, तोंडात पाणी येतं.

पण ते आता गप्प आहे महानंदा. कोरडं आहे. कळलं मला. मी आत आहे तोवर त्याला दुसरं कोणी नको. तुम्ही बसा. काही होणार नाही. बटणं लागलेली आहेत तोवर काही होणार नाही.

—

अहमदपूर असावं. स्टँडचा गलका. दार उघडलं. तुझा आवाज.

उमीचे पाय. एवढेसे. पाठीवर. ती उड्या मारतेय, म्हणते, आई, मऊ मऊ हाय. दुखत नाही, उमे. मार उड्या.

तू बसलीस. तुझे पाय माझ्या खांद्यावर, अलगद. जोडवी लागतात.

गाडी हलली. तू उमीला सांगतेस, की बघ, हा तुझ्या बाबांचा टाका. हात फिरवतेस. माझ्या पाठीवरून. इतक्या दिवसांनी —

थांबलीस. कडेला गोट चुरगळलाय म्हणतेस. तुला सुरकुती सहन होत नाही, घरीसुद्धा चादर शंभरदा —

राहू दे महानंदा. पाय ठेव. दोन्ही पाय ठेव, जोरात —

तो माझ्या मानेपासून सरकला. तुझ्या बाजूला.

टक. तुझ्या हाताने एक सुटलं.

नको. बटण लाव. हात आत घालू नको, महानंदे, उमीला मागे —