मापांसाठी दुसरी डिस्क

मंगळवार, २० मे
नाही, घाबरले-बिबरले नाही. लेकीला फोनवर हेच सांगितलं. कॉम्प्युटर ह्यांच्या वेळचा, अठरा वर्षांचा. आतली डिस्क हल्ली कट् कट् वाजते. दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं तिच्यातच आहेत. ती मरायच्या आत शेजारी दुसरी डिस्क बसवायची आणि मापं तिकडे उतरवायची. बस्स. शिलाई मशीन मी डोळे मिटून उघडते, हे तर नुसतं खोकं. उद्या संध्याकाळपर्यंत होईल.

बुधवार, २१ मे
खोकं उघडलं. आत एवढी जळमटं, की कुणी राहत असतं तर मी चार शब्द सुनावले असते. एक रुंद पट्टीसारखी वायर आहे. दोन्ही डिस्का तिला जोडल्या. पडदा काळा. नवी दिसेना, आता जुनीही दिसेना.
वायर खराब निघाली.

गुरुवार, २२ मे
कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. मदतीला नाही, सहज. म्हणाला, प्रत्येक डिस्कच्या मागे एक चिमुकली टोपी असते, ती कुठे बसवली त्यावर थोरली कोण नि धाकटी कोण ते ठरतं. दोघी थोरल्या झाल्या की मशीन कुणालाच ओळखत नाही. मी म्हटलं, जावेबरोबर एका घरात सात वर्षं काढलीत, मला नका शिकवू.
शिवण उसवायच्या हत्यारानं टोपी काढली. उडाली ती थेट बटणांच्या डब्यात. डब्यात हजारभर बटणं.

शुक्रवार, २३ मे, दुपारी दोन
टोपी सापडली. बसवताना स्क्रू आत पडला. खाली सांडलेल्या टाचण्या मी लोहचुंबकानं गोळा करते, तीस वर्षांचा हात आहे. तेच आत फिरवलं. स्क्रू लगेच चिकटून आला. ह्याला म्हणतात अनुभव.
चार वाजता
जुनी डिस्क आता कट् कट्‌ही करत नाही. लाइट कमी-जास्त झाली असणार.

शनिवार, २४ मे
कॉम्प्युटरवाला आला. लोहचुंबक बघून त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. विचारलं, काकू, हे आत फिरवलंत? मी म्हटलं, तुमचा चष्मा चिकटतो का तेही बघू. हसला नाही. खोकंच उचलून घेऊन गेला. मापं निघतील असं कबूल करत नाही म्हणाला.
जेवण गेलं नाही. उकाडा असेल.

रविवार, २५ मे
लेक आली. तिला सांगितलं, शाळा उघडतील, गणवेशांना मापं लागतात. ती म्हणाली, "आई, पोरं वाढतात. गेल्या वर्षीचं माप काय कामाचं?" मी म्हटलं, मोठी माणसं आहेत ना. म्हणाली, तीही वाढतात, आडवी. मी हसले. मग रडतेस कशाला, म्हणाली. खडूची भुकटी गेली होती डोळ्यात.

बुधवार, २८ मे
खोकं आलं. दोन्ही डिस्का चालू, मापं सगळी उतरली. लोहचुंबकानं काही बिघडलं नव्हतं. करंटची पिन मीच अर्धी खोचली होती. तो गेल्यावर लेकीनं खुर्ची ओढली आणि ह्यांचं नाव शोधलं. पाच ओळी निघाल्या. पाचही ठिकाणी कंबर चौतीस. "बाबा शेवटपर्यंत चौतीसच होते की," म्हणाली. तिला बरं वाटलं. मी मान हलवली.

गणवेशाचं निमित्त होतं. मला ह्या पाच ओळीच हव्या होत्या.

आमची रीत अशी, की मी टेप लावून आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि ह्यांनी टाइप करायचं. शेवटच्या वर्षी पँट सैल होते म्हणून ह्यांनी तीनदा माप घ्यायला लावलं. टेप बत्तीस दाखवत होती. मग तीस. मग एकोणतीस. मी तिन्ही वेळा चौतीस म्हणाले. कापडच ताणलंय, वर म्हातारपणी बारीक व्हायची हौस, अशी चेष्टाही केली. ह्यांनी दोन बोटांनी चौतीस टाइप केलं. पँटी मी ह्यांच्या नकळत आत घेतल्या.
डॉक्टर नंतर म्हणाले, चार महिने आधी आला असतात तर काही करता आलं असतं.
चार महिने आधी मला माहीत होतं. मी कुणाला बोलले नाही.