सोलापुरात आलात तर घरी या

५ जानेवारी, सोमवार

खातं काढलं! ‘पानोपानी’ नाव आहे. पुस्तकवाल्यांचं फेसबुकच म्हणायचं. पण इथे जेवणाच्या ताटांचे फोटो नाहीत, फुलांवर लिहिलेलं सुप्रभात नाही. कोण काय वाचतंय, कुठे अडलं, कुठे रडलं – एवढंच! लग्न करून करमाळ्याहून सोलापुरात आले त्याला वर्ष होत आलं. “सध्या काय वाचतेस?” असं एकाही माणसाने विचारलं नव्हतं. या साइटने पहिल्याच पानावर विचारलं. यंत्राने का होईना, विचारलं की!

“स्वतःविषयी लिहा” असा चौकोन होता. लिहिलं सगळं. माहेर, सासर, दिग्विजयची नोकरी, घर कुठल्या पिठाच्या गिरणीमागे. आणि शेवटी आपण लिहितोच तसं – सोलापुरात आलात तर घरी या.

६ जानेवारी

फोन सारखा वाजतोय! काल एका कादंबरीच्या शेवटावर चिडून लिहिलं होतं – नायिका नवऱ्याकडे परत जाते, कारण लेखकाला आवरायची घाई झालीय! त्यावर होटगीचे कुणी सोमलिंग लिहितात, “ताई, घाई तुम्हाला झाली. शेवटून तिसरं पान परत वाचा.”

असा राग आला! पण वाचलं. खरंच की, एक अख्खा परिच्छेद मी गाळूनच पुढे पळाले होते. वाचता वाचता डाळ करपली. पण मजा आली. पुस्तकावरून भांडायला कुणीतरी मिळालं!

७ जानेवारी

परत भांडण. परत मीच हरले. उद्या बघते त्यांच्याकडे.

९ जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय.

दुपारी शिकवणी घेऊन आले, तर सोप्यावर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ मांडी घालून जेवतायत. भाकरी, शेंगाचटणी, वर दही. सासूबाई वाढतायत. मला बघून म्हणाल्या, “अगं, तुजं काका आल्यात करमाळ्याहून! एवढ्या लांबनं आल्यात, जेवल्याबिगर कसं सोडू?”

मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. ते ओशाळून म्हणाले, “मी सोमलिंग. होटगीचा. मी सांगत होतो यांना, पण तंवर ताटच आलं. तुमीच लिवलंय की घरी या म्हणून.”

रेल्वेतून रिटायर झालेले, पिशवीत तीन पुस्तकं, त्यातली दोन मला वाचायला दिली. मग त्याच शेवटून तिसऱ्या पानावरून समोरासमोर भांडलो. ते मोठ्याने, मी त्यांच्याहून मोठ्याने. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. ते गेल्यावर विचारलं, “कुटलं काका म्हनायचं हे?”

“पुस्तकातले,” म्हटलं.

“खातेत मात्र बेतानं,” म्हणाल्या.

११ जानेवारी, रविवार

आणखी एक! अक्कलकोटच्या सुंदरम्मा, रिटायर्ड नर्स. साइटवर माझं वाचून आल्या. मी पुस्तकं काढून बसले, पण सासूबाईंनी त्यांचं गाव विचारलं, आणि दोघी कन्नडमध्ये जे सुटल्या! सासूबाईंचं माहेर तिकडलंच आहे, हे माहीत होतं. पण त्यांना कन्नड बोलताना मी आज पहिल्यांदा ऐकलं. केवढ्या हसत होत्या! माझं पुस्तक मेलं राहूनच गेलं. दिग्विजय गावाला गेलाय, त्याला उद्या सगळं सांगते.

१२ जानेवारी

सांगायला नको होतं.

“पत्ता टाकतं का कुणी असा? चांगली माणसं आली हे नशीब. तू शिकवणीला जातेस तेव्हा आई घरात एकटी असते.” मी म्हटलं, पत्ता काढून टाकते. तर म्हणाला, वाचायचा त्यांनी वाचला, आता खातंच बंद कर. खूप भांडले. पण सासूबाईंच्या बाबतीत त्याचं चुकतंय असं म्हणता येईना, म्हणून जास्तच रडू आलं.

१३ जानेवारी

बंद केलं. “नक्की?” असं दोनदा विचारलं साइटने. सोमलिंगकाकांचा नंबरही घेतला नव्हता. गाढव आहे मी. आता परत मी आणि भिंत.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी तिळगूळ देताना सासूबाई दिग्विजयला म्हणाल्या, “खातं बंद करवलंस, बरं केलंस. घर घावलंय आता लोकास्नी. सुंदरम्माचा नंबर घेतला हुता मी, फोन लावलाय; ती तिच्या खात्यावरनं होटगीच्या काकास्नी सांगून घिऊन येनार हाय. ऐतवारी खुर्च्या मागवून ठेव.”