राक्षसाचे डोळे

गुरुजी, आपल्या रिठदच्या शाळेची ती लांब भिंत तुम्ही गोष्टींनी भरली होती. गेरू, चुना, कंदिलाची काजळी, थोडी नीळ; एवढ्यावर राजकन्या झाली, सात डोंगर झाले, पिंजऱ्यातला पोपट झाला. आणि राक्षस. त्याचा जीव पोपटात, माझा त्याच्यात अडकलेला. सुळे, नखं, कमरेला घुंगरं, सगळं होतं त्याला. डोळे तेवढे नव्हते. मी तिसरीतला. कविता म्हणतच त्याच्यासमोरून जायचो. कडवं संपायच्या आत वर्गाची पायरी गाठायची.

एकदा तुम्ही मला धरलंत. "काहून पयून राह्यला रे?" मी म्हणालो, "तो चाचपून राह्यला गुरुजी. त्याले दिसत नाही म्हणून." तुम्ही हसला नाहीत. "पोळ्याच्या मातीच्या बैलाले डोळे शेवटी देतेत का नाही? तसंच हे. ज्यानं डोळे देल्ले त्याले तो ओयखते, मंग खात नाही. घे, तूच दे." तुम्ही मला स्टुलावर चढवता, पाठीला तुमचा हात. सुळे इतके जवळ, की ओल्या चुन्याचा वास येतो. कुंचला भिंतीला लागतच नाही. "हात कापून राह्यला तुहा," तुम्ही म्हणता. "राहू दे. उद्या दे."

उद्या तुम्ही आला नाहीत. ताप भरला होता, त्यातच तुम्ही गेलात. माझ्या शेजारी बसणारा पोरगा म्हणाला, "आंधयाच तं होता तो राक्षस. मास्तर हायेत हे त्याले दिसलंच नाही." म्हणाला आणि गोट्या खेळायला निघून गेला. ते वाक्य तो त्याच दिवशी विसरला असेल. मी मात्र या वयातही अंधाऱ्या खोलीत शिरताना तेच कडवं पुटपुटतो.

आज नातीनं हट्ट धरला म्हणून तो राक्षस कागदावर काढला. सुळे, नखं, घुंगरं. "आबा, याले डोळेच नाहीत. पोपट कसा शोधंल हा?" मी म्हणालो, "उद्या देतो." शब्द तोंडातून गेला आणि तुमचं 'उद्या दे' आठवलं. घाईनं म्हटलं, "नाही, थांब. आजच देतो." एक डोळा दिला. जरा तिरका झाला, माझ्याकडेच बघतो आहे. दुसऱ्यासाठी कुंचला उचलला आणि खाली ठेवला.

ती शेजारीच बसली आहे. "चित्र सोडून काय लिहून राह्यले आबा?"

"गुरुजीले पत्र."

"ते कुठी राह्यतेत?"

 हे पत्र कुठल्याच पेटीत टाकायचं नाही, गुरुजी. कापणारा हात थांबावा म्हणून लिहायला बसलो होतो. अजून थांबला नाही.