'आदर्श शिक्षक'

शुक्रवार, फेब्रुवारी १९७२

आज उट्टं काढलं! दिवाळीआधी इंग्रजीच्या सरांनी माझा निबंध वर्गात वाचला आणि म्हणाले, "पैलवानाची लेक ना? इंग्रजीची हाडं मोडलीस की!" सगळा वर्ग हसला. ते हसणं कानातून जाईना.

सराव परीक्षेत विषय आला, 'आदर्श शिक्षक'. सरांचेच नियम पाळले: 'मी' नको, राग नको, मुद्द्याला उदाहरण हवं. उदाहरण दिलं, बापाच्या धंद्यावरून मुलीला हसणाऱ्या शिक्षकाचं. नाव कुठंच नाही. ते हसणं आठवत एकेक स्पेलिंग तपासलं.

पेपर सरांनी नाही, दुसऱ्याच एका बाईंनी तपासले. माझा निबंध पहिला आला. आज सर तो मोठ्यानं वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

मी उभी राहिले. "सर, पुढं वाचा की."

वाचावाच लागला. आवाज बसत गेला त्यांचा. मला दया येईल असं वाटलं होतं. नाही आली.