सिनेटरांची सही आणि कर्टिसची पिकअप

१० फेब्रुवारी, मंगळवार

कोणाला म्हणजे कोणालाच सांगायचं नाही! व्हर्नला सांगितलं, पण नवऱ्याला सांगितलेलं धरत नाहीत. आता वहीला सांगते.

परराष्ट्र खात्यातल्या मिसेस रेनचा फोन आला. तिकडच्या सरकारशी अणुबॉम्बवरून बोलणी चाललीयेत, त्यांत अध्यक्षांच्या माणसांनी आमच्या कर्टिसचं नाव काढलंय. कागदावर नाही, तोंडी. करार झाला की आपली माणसं सुटणार. "पण हे फुटलं तर ते लोक हात झटकतील, मिसेस कुबिचेक. तुमच्या सिनेटरांनासुद्धा सांगू नका."

माझा मुलगा तिथल्या जुन्या पुलांचे फोटो काढायला गेला आणि हेर म्हणून तुरुंगात पडला. त्या देशाचं नाव मी आता लिहीतसुद्धा नाही.

१५ फेब्रुवारी

व्हर्नने कर्टिसची पिकअप सुरू केली, दर रविवारी करतो तशी. आज मात्र शिट्टी वाजवत होता. मी म्हटलं, शेजारी ऐकतील. "शिट्टीवरून काय कळतंय त्यांना?" म्हणाला.

२५ फेब्रुवारी, वॉशिंग्टन

आपल्या राज्यातून कोणी आलं की सिनेटर टिलफर्ड बुधवारी न्याहारीला बोलावतात. कॉफी, गप्पा, मग रांगेत उभं राहून फोटो. मी घरून कोलाची नेल्या होत्या, गोड बनपावासारख्या, जर्दाळूच्या आणि खसखशीच्या सारणाच्या. नेब्रास्काची माणसं रिकाम्या हाताने जात नाहीत. सिनेटरांनी खसखशीची उचलली. कर्टिसला धरलं त्या आठवड्यात ते आमच्या स्वयंपाकघरात बसून हीच खात होते, तेव्हापासून त्यांना तीच लागते. पक्ष त्यांचा अध्यक्षांच्या विरुद्ध, पण माझ्या पोराच्या बाबतीत त्यांनी कधी पक्ष काढला नाही.

मला शेजारी बसवून घेतलं. विचारलं, "मार्लिस, कर्टिसची पिकअप चालू ठेवताय ना? थंडीत बॅटरी बसते हो." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढा मोठा माणूस आणि पोराच्या गाडीची आठवण ठेवतो!

अगदी जिभेवर आलं होतं. म्हणजे त्यांच्याच टेबलावर बसायचं आणि त्यांच्यापासूनच लपवायचं. पण शब्द दिलाय. फोटोत तोंड चोराचं आलं असणार.

५ मार्च

वॉशिंग्टनला मोठा बर्फ. सिनेटची मंडळी विमानं गाठायला पळाली, असं बातम्यांत सांगत होते. बरं झालं, मी आधीच परतले.

९ मार्च, सोमवार

काय लिहू.

अध्यक्षांना डावलून विरोधी पक्षाच्या सिनेटरांनी मिळून तिकडच्या सरकारला उघड पत्र धाडलंय. टीव्हीवर वाचून दाखवलं: आमच्या अध्यक्षांची सही म्हणजे देशाचा शब्द धरू नका, सिनेटच्या संमतीशिवाय केलेला करार पुढचा अध्यक्ष एका फटक्यात मोडू शकतो. खाली सह्या. टिलफर्डची सही मला लांबूनसुद्धा ओळखू येते. दर नाताळात घरी शुभेच्छापत्र येतं.

व्हर्न म्हणाला, "बर्फाच्या घाईत केली असेल. कोणीतरी कागद पुढे केला, यांनी सही ठोकली. माणूस चांगला आहे, मार्लिस. त्याला कुठे माहीत होतं?"

कसं माहीत असणार? मीच सांगितलं नाही. मी सांगितलं असतं तर त्यांचा हात थांबला असता. सकाळपासून हेच घोळतंय.

१० मार्च

त्यांच्या ऑफिसला फोन केला. कोणी नवीन मुलगी होती, आलेल्या फोनांची नोंद करत. "पत्राच्या बाजूने की विरोधात, मॅडम?" मी म्हटलं, बाई, मी कर्टिस कुबिचेकची आई. "हो मॅडम, मग विरोधात लिहू का?" लिही म्हटलं.

१७ मार्च

मिसेस रेनचा फोन. आवाज दमलेला. बोलणी चालू आहेत, पण कैद्यांचा विषय त्या लोकांनी बाजूला ठेवलाय. म्हणाले म्हणे, "तुमच्या अध्यक्षांचा शब्द तुमचीच माणसं मानत नाहीत, मग आम्ही तोंडी गोष्टीवर माणसं कशी सोडायची?"

"आता काय करायचं?" मी विचारलं. "वाट बघायची, मिसेस कुबिचेक." ती तर मी बघतेच आहे. दुसरं करते काय?

१९ मार्च

उद्या चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासातल्या शुक्रवारचं, मांसाऐवजी माशांचं जेवण. सिनेटर येणार आहेत. आता लपवण्यासारखं उरलंय काय? सांगून टाकणार. कळलं तर ते सही मागे घेतील, निदान चारचौघांत एक शब्द तरी टाकतील. व्हर्न नको म्हणतोय. त्याचं मी ऐकायची नाही.

२० मार्च

सांगितलं. मी कोबीची कोशिंबीर वाढत होते, ते ताट घेऊन समोर उभे, मागे रांग. हळू आवाजात सगळं सांगितलं. हाताला अजून माशाचा वास येतोय. पुढचं आज लिहवत नाही.

२२ मार्च, रविवार

लिहून टाकते.

त्यांनी ताट खाली ठेवलं. म्हणाले, "मार्लिस, मला जानेवारीतच कळलं होतं. सिनेटच्या बंद बैठकीत सांगितलं होतं आम्हाला. करार देशाच्या वाईटाचा आहे असं मला वाटतं. कर्टिससाठी त्याला चांगला म्हणणं मला जमलं नाही. तुम्हाला सांगायची परवानगी नव्हती."

म्हणजे त्या बुधवारी आम्ही दोघं एकच गोष्ट पोटात ठेवून कोलाची खात होतो. पिकअपचं त्यांनी उगीच नव्हतं विचारलं, पोरगा सुटू शकतो हे त्यांना ठाऊक होतं.

व्हर्न आज गॅरेजमध्ये गेला आणि पिकअप सुरू न करताच बॅटरीची वायर काढून आला.